आत्याच्या नर्सिंग होमचा बघण्याचा कार्यक्रम

...आणि टोपी. मला सांगा, नर्सिंग होम बघायला जाताना कडक इस्त्रीची टोपी कशाला लागते? मी गाडी चालू करून बसलेय, दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेलाय की शनिवारी डिस्चार्ज आहे, पेशंटची सोय कुठं केलीय ते कळवा, आणि आमचे अण्णा आरशासमोर उभे राहून टोपीचं टोक नाकाच्या रेषेत आणतायत. म्हटलं, "अण्णा, तिथं तुम्हाला कोण बघणार आहे?" तर म्हणतात, "बघाय जाताना मानसानं बघन्यासारखं जावं गं." आता तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं बोलले?

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही पोरगी आल्या आल्या वडीलधाऱ्यांवर घसरली. घसरणारच आहे, पण क्रमानं घसरते.

तर आमची आत्या, शालूबाई. माझ्या बाबांची थोरली बहीण. आमच्याच घरी, बेळगावात वडगावला राहते. आई शाळेवर शिकवायला जायची तेव्हा माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, सगळं हिनंच बघितलं. गेल्या महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला गेली आणि पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, झकास झालं, आणि डॉक्टर म्हणाले, आमचं काम संपलं, आता खरं काम पुढं आहे. दिवसातून दोनदा व्यायाम, दर थोड्या वेळानं कूस बदलायला माणूस, पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून टाचेवर आणि पाठीवर नजर. हे पुढचे सहा आठवडे नीट झाले तर आजी चालतील. नाही झाले तर खाट. म्हणजे कायमची खाट. डॉक्टरांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की बाबा "बरं बरं" म्हणाले आणि चहाला गेले. मला मात्र घाम फुटला. कारण आमच्या घरी जिना, बाथरूम परसात, आई शाळेत, बाबा ऑफिसात, मी उद्यमबागेत फौंड्रीत. कोण बदलणार कूस? म्हणून नर्सिंग होम. ऑपरेशनवालं नव्हे, ऑपरेशन झाल्यावर माणसाला ठेवून घेऊन त्याची देखभाल करणारं.

आणि मी तुम्हाला सांगते, हे बघायला माझ्याइतकं लायक माणूस आमच्या सगळ्या भावकीत नाही. मी इंजिनिअर आहे, फौंड्रीत क्वालिटीला आहे. माझं कामच ते. पंपाचं कास्टिंग आलं की उलटं करायचं, आत बोट घालायचं, वरून रंग कितीही गुळगुळीत मारलेला असू दे, आतल्या बाजूला छिद्र सापडलं की बाजूला काढायचं. लोखंडाचा तुकडासुद्धा मी चारी बाजूंनी बघितल्याशिवाय सोडत नाही, मग माझी आत्या मी अशी तशी सोडीन? म्हटलं, मी एकटी जाते, चार ठिकाणं बघते, एक ठरवते, एका दिवसात विषय संपला.

तर अण्णा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? बारकी हाईस अजून."

अण्णा म्हणजे नागोजी अण्णा, माझे थोरले काका, सगळ्या भावंडांत मोठे. काकतीकडच्या गावात राहतात, शेती बघतात, आणि आमच्या घरात अण्णांच्या आधी कोणी ठरवत नाही. हळू चालतात, हळू बोलतात, आणि बोलताना वाक्य संपलं की उभे राहतात. चालत असले तर चालायचे थांबतात, जेवत असले तर घास हातात. त्यांच्याबरोबर चौकातून भाजी आणायला जा, परत येईपर्यंत भाजी सुकते.

आणि आमच्या घरातल्या मोठ्यांना आयुष्यात तपासणीचा एकच प्रकार माहिती आहे. मुलगी बघणं. बैल घ्यायचा असू दे, प्लॉट घ्यायचा असू दे, मला कॉलेजात घालायचं असू दे, पद्धत तीच. आधी इकडून तिकडून चौकशी काढायची, मग माणसं ठरवायची, मग वार बघायचा, मग जायचं, खायचं, मूळ गाव विचारायचं, पाव्हणं कुठं जुळतंय का बघायचं आणि "कळवतो" म्हणून उठायचं. नर्सिंग होमला वेगळी पद्धत असते हे ह्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मी सांगितलं. मला कोण विचारतंय?

अण्णा, बाबा आणि मी, तिघं निघालो तर अण्णा दारातच थांबले. "तीन मानसं शुभकामाला जात न्हाईत."

म्हटलं, "अण्णा, हाड मोडलंय. ह्यात शुभकाम कुठलं आलं?"

"तोंडातनं तसं काढू नको. रवळूला घ्या."

म्हणून रवळूमामा. रवळूमामा नक्की कोणाचे मामा हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेलं नाही, पण बेळगाव-खानापूर पट्ट्यातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलीत आणि राहिलेल्या निम्म्यांत ते रुसून बसलेत. ते मागच्या सीटवर बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "गडबड करायची न्हाई. बघायचं, आनि गप्प बसायचं." हे मला. गाडी मी चालवतेय, सुट्टी मी काढलीय, ठिकाणं मी शोधलीत, आणि गप्प मी बसायचं. आता तुम्हीच सांगा.

पहिलं ठिकाण गावातच, टिळकवाडीच्या बाजूला. चांगलं होतं हो. खरंच चांगलं होतं. स्वच्छ, उजेड भरपूर, मॅनेजर पोरगा हुशार. मी विचारलं, रात्री माणसं किती असतात, कूस बदलल्याची नोंद कोण ठेवतं, पेशंट पडला तर पुढं काय करता. तो एकेक नीट सांगत होता, मी मनातल्या मनात बरोबरच्या खुणा करत होते, आणि त्याच्या वाक्याच्या मधोमध रवळूमामा म्हणाले, "मूळ गाव कंचं तुमचं?"

"खानापूरकडचं."

"खानापुरात कुटं?"

झालं. तिथून गाडी जी घसरली ती त्या पोराच्या आजोळी गेली, तिथून त्याच्या मावशीकडं, मावशीच्या सासरी, आणि शेवटी असं निघालं की त्याची चुलत मावशी आमच्या भावकीत दिलीय. रवळूमामांचा चेहरा असा खुलला की आत्या तिथल्या तिथं बरी झाली असं कोणालाही वाटावं. मी म्हटलं, आता जुळलं ना, मग हो म्हणा. एकच खाट शिल्लक आहे म्हणतोय तो. तर अण्णा उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरं हाय. घरी जाऊन कळवतो."

कळवतो? कोणाला विचारून कळवणार? घरात जे विचारायचे ते सगळे त्या खोलीत बसलेले होते. गाडीत मी नुसती फुटले. तर मागून रवळूमामांचं सबुरीनं उत्तर, "लगेच व्हय म्हटलं की किंमत ऱ्हात न्हाय. दोन दिस जाऊ देत. त्यांचाच फोन येतोय का न्हाई बघ."

आला की फोन. संध्याकाळीच आला. ती खाट दुसऱ्यांना दिली, सॉरी म्हणाला. मी अण्णांसमोर फोन स्पीकरवर ठेवला, म्हटलं ऐका, तुमच्या कळवतोचं फळ. अण्णांनी शांतपणे ऐकलं, घास हातात धरून. आणि म्हणाले, "येवडी घाई? म्हंजे त्यांच्यातच कायतर खोट आसनार. सुटलो."

सुटलो. शनिवार तीन दिवसांवर आणि आम्ही सुटलो.

दुसऱ्या दिवशी संकेश्वरच्या अलीकडं. एवढ्या लांब कशाला, तर रवळूमामांचं पाव्हणं. हायवेला उसाचे ट्रॅक्टर, मी एकेकाला ओव्हरटेक करतेय आणि मागून तिघंही एका सुरात "हळू गं". पोचलो. काय ते ठिकाण. काचेचं दार आपोआप उघडतं, आत कारंजं, भिंतीवर सूर्योदय, आणि मालक स्वतः हात जोडून दारात, "बर्री, बर्री, कूड्री." या, या, बसा. अण्णा तसे चारचौघांत मला कानडी येत नाही म्हणतात, पण असा मान मिळाला की त्यांचं कानडी कालव्याच्या पाण्यासारखं सुटतं. बसले. उप्पीट आलं. वर शेव, बाजूला शिरा, मागनं कॉफी. अण्णांनी बाबांकडं बघितलं, बाबांनी रवळूमामांकडं बघितलं, आणि मला कळलं की ह्यांनी खाटसुद्धा न बघता ठरवलंय.

मी म्हटलं हात धुऊन येते, आणि सुटले आत.

आता ऐका. आतली पहिलीच खोली. एक आजी. बारीक, पांढऱ्या केसांची, भिंतीकडं तोंड करून. पाण्याचा तांब्या टेबलावर आणि टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि घंटा वाजवायची दोरी असते ना उशाला, ती वर पडद्याच्या दांडीला गुंडाळून ठेवलेली. मी म्हटलं, आजी, ही वर कोणी बांधली? तर म्हणाल्या, "मी सारखी ओढते म्हून." कशाला ओढता? "पानी पायजे आसतंय." मी तांब्या दिला. अख्खा तांब्या संपवला हो त्यांनी, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मी दोरी सोडवून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं ओढा, बघू कोण येतंय. ओढली. मी उभी. आजी पडलेल्या. कोणी येईना. तिकडं हॉलमध्ये उप्पिटाची दुसरी वाढ गेली ती मला पळत जाणाऱ्या चपलांवरून कळली, पण घंटेला माणूस नाही. रंग वरून झकास. आत छिद्र. माल बाजूला काढला.

निघताना आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "दोरी खालीच ऱ्हाऊ दे." मी मालकाला तिथंच, त्यांच्या सूर्योदयाखाली उभी राहून सांगितलं, दोरी खाली राहिली पाहिजे, आणि त्या आजींच्या मुलाचा नंबर द्या. तो हसला. अण्णांनी मला गाडीत नेलं.

गाडीत जे झालं ते विचारू नका. "मानपान बघितलास का?" रवळूमामा. "आत्याला मानपान नको, पाणी पाहिजे," मी. "मोठ्यांच्या बैठकीतनं उठून दुसऱ्याच्या घरात हिंडतात व्हय?" अण्णा. आमचे बाबा अशा वेळी खिडकीबाहेर बघतात. म्हटलं, बाबा, तुम्ही तरी बोला. तर बाबांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "उप्पीट बाकी चांगलं होतं."

मी गाडी पळवली. उद्या सकाळ उजाडली की शनिवारला एकच दिवस राहणार, आणि डोळ्यांपुढं सारखी ती भिंतीकडं तोंड केलेली आजी, आणि तिच्या जागी आमची आत्या. काकती आलं तसं मी कोणाला न विचारता हायवे सोडला. "इकडं कुटं?" मागून. "अजून एक ठिकाण आहे." "सांगून न्हाई, कळवून न्हाई, असं दारात जाऊन उभं ऱ्हातात व्हय?" म्हटलं, अण्णा, न सांगता गेलं तरच खरं दिसतं, आमच्या फौंड्रीत तसंच करतात. आता तुम्हीच सांगा, मी काय चुकीचं बोलले?

बैठी इमारत. पत्र्याचं छप्पर, पुढं पेरूची झाडं. कारंजं नाही, सूर्योदय नाही. आत शिरलो आणि मी पहिल्यांदा काय केलं, वास घेतला. शिजलेल्या भाताचा आणि फिनेलचा. बाकी काही नाही. तुम्ही कधी अशा ठिकाणी गेला असाल तर बाकी म्हणजे काय ते तुम्हाला माहिती आहे. तिथल्या मुख्य, महादेवी सिस्टर, एका दांडग्या आजोबांना कुशीवर वळवत होत्या. आमच्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही. "थांबा," एवढंच. आम्ही थांबलो. इस्त्रीची टोपी थांबली. खुर्ची नाही, पाणी नाही.

मी मात्र नाचायच्या बेतात होते. सगळ्यांची नखं कापलेली. टाचा उशीवर, अधांतरी, जशा पाहिजेत तशा. एक आजी मदतनीस बाईशी भांडत होत्या की मला हेच लुगडं नको, आणि ती बाईसुद्धा त्यांच्याशी बरोबरीनं भांडत होती. मला सांगा, जिथं पेशंट भांडू शकतो तिथं तो घाबरलेला नाही, बरोबर? मी हळूच एका रिकाम्या खाटेची घंटा दाबली. हात काढायच्या आत एक पोरगी पळत आली आणि माझ्यावरच ओरडली, "कोन दाबलं? पेशंट न्हाई न्हवं इथं?" मी तिला मिठीच मारणार होते.

सिस्टर हात धुऊन आल्या. रवळूमामा पुढं सरसावले. "मूळ गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

"पेशंटचं वजन किती?" सिस्टर.

मी सांगितलं वजन. वय सांगितलं, ऑपरेशनची तारीख सांगितली, औषधं सांगितली. म्हटलं, आम्हाला पसंत आहे, शनिवारी आणतो.

"तुम्हाला पसंत आहे ते झालं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचं मराठी कानडी चालीचं, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. "एक खाट हाय. पन मी बघितल्याशिवाय देत न्हाई. उद्या दवाखान्यात येते."

अण्णा ताठ झाले. "कोन कुनाला बघाय येनार?"

"मी. पेशंटला. आनि तुम्हाला पन. माझी मानसं चांगलं काम करतात, पन घरचे लोक धड नसतील तर पेशंट चालत न्हाई."

आणि गेल्या दुसऱ्या आजोबांकडं.

गाडीत, बेळगाव यायला लागलं तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "म्हंजे... आपन आता मुलीकडचे?" आणि तुम्हाला सांगते, त्या एका वाक्यानं आमच्या घरात जे काही पेटलं. आतापर्यंत आम्ही वरपक्ष होतो, टोपी, कळवतो, मानपान. आता बघायला येणार त्या, नापसंत करणार त्या. अण्णांना रात्री झोप नाही. "नको म्हनली तर? गावात काय सांगायचं?" मी म्हटलं, गावात काय सांगायचं ते जाऊ दे, आत्याला कुठं न्यायचं ते बोला. तर म्हणाले, "तेच म्हनतोय की गं मी." आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली. खरी भीती. म्हणून मी अजून थोडी चिडले.

शुक्रवारी दुपारी दवाखान्यात बघण्याचा कार्यक्रम. खोटं वाटेल तुम्हाला, पण अण्णांनी शेजारच्या वॉर्डातून खुर्च्या आणल्या. बाबांनी मिठाई म्हणून कुंदा आणला. रवळूमामांनी खिडकीतली औषधाची बाटली हलवून तिथं कुठनं तरी आणलेली फुलं ठेवली. आणि आत्याच्या दवाखान्याच्या झग्यावर इरकल साडी, नुसती वरून पांघरलेली. अण्णा उशाशी उभे राहून पढवतायत, "वय इचारलं तर दोन वर्सं कमी सांग."

आत्या म्हणाली, "अण्णा, माझं हाड मोडलंय. लगीन न्हाई मोडल्यालं."

"रातचं घोरतीस ते सांगू नको."

"मग काय सांगू, तू घोरतोस म्हून?"

मी म्हटलं, हे थांबवा, ह्याला काही अर्थ आहे का? तर आत्याच मला म्हणाली, "आसू दे गं. त्याला तेवडंच येतंय."

सिस्टर आल्या. कुंद्याकडं बघितलं नाही, खुर्चीवर बसल्या नाहीत. पांघरूण काढलं, साडीची घडी करून अण्णांच्या हातात दिली, टाच दाबली, पाठ बघितली. "आज्जी, ऊट आतेन्री?" जेवलात का? आत्या तोंड उघडायच्या आत अण्णा, "जेवली, दोन घास जास्तच." "रात्री दुखतं का?" अण्णा, "आजाबात न्हाई." सिस्टर वळल्या. "आजोबा, मोडलंय कुणाचं?"

मग त्या सरळ उभ्या राहिल्या, वॉकर खाटेजवळ ओढला आणि म्हणाल्या, "आज्जी, जरा चालून दाखवा."

रवळूमामांनी मान खाली घातली. किती घरांत बसून त्यांनी हेच वाक्य म्हटलं असेल. आत्याला मात्र हसू आलं. "ह्ये मला दुसऱ्यांदा सांगाल्यात. पयल्यांदा सोळा वर्साची हुते. चालून दावलं, आनि मग नको म्हनले. लंगडतीया म्हनले. काटा मोडला हुता हो पायात." आणि उठून बसायला लागली.

हीच वेळ. आत्ता चालली तर खाट, नाहीतर उद्या सकाळी कुठं? मी पुढं झाले. म्हटलं, "चल आत्या, वॉकर पुढं घे, आता दुखरा पाय, आता चांगला, खांदे सरळ, खाली बघू नकोस, थांबू नकोस, चल, येतंय तुला, चल चल चल..." आत्याचा पाय थरथरला. एक पाऊल पडलं ना पडलं, ती परत खाटेवर बसली. चेहरा पांढरा. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "काल चालली होती हो, पुन्हा, आत्या, पुन्हा, लवकर," आणि माझाच आवाज फाटला.

आणि ह्या वेळेला, अशा ह्या वेळेला, आमचे अण्णा साडी काखेत मारून, हात मागं बांधून, दाराकडं चालत चालत बाबांना सांगायला लागले, "ह्याच पायानं ही चंदरीला हाकत निपानीच्या बाजारापतुर गेलती." आणि वाक्य संपलं म्हणून थांबले.

चंदरी म्हणजे म्हैस. माझ्या जन्माच्या आधीची.

आत्या म्हणाली, "निपानी न्हवं. संकेश्वर."

"निपानी." अण्णा दोन पावलं पुढं.

"संकेश्वर रं." आत्या उठली. "तू हुतास व्हय तितं? मी हुते." वॉकर पुढं, पाय पुढं. "तू घरात झोपलेला."

"झोपलो नव्हतो. ताप आलता." थांबले.

आत्याही थांबली. दम घेतला. "ताप? दरवर्सी बाजाराच्या दिशीच ताप यायचा तुला?" पाऊल. पाऊल. ते पुढं, ही मागं, ते वाक्य संपवून थांबणार, ही थांबून दम घेणार आणि उत्तर द्यायला परत निघणार, सिस्टर मागनं एक हात धरून, आणि अशी करत करत बाई वॉर्डाच्या दारात. अण्णांना पत्ताच नाही. ते तसेच कँटीनपर्यंत गेले असते. दारात आत्यानं वॉकरवर वजन टाकलं आणि म्हणाली, "आता खरं सांग. संकेश्वर."

"आसंल," अण्णा म्हणाले, आणि मागं वळून बघितलं तेव्हा त्यांना दिसलं की शालू उभी आहे. टोपी काढली त्यांनी. डोळ्यांवरून फिरवली आणि परत घातली, वाकडी.

रवळूमामा खाकरले. "मग... पसंत म्हनायचं का?"

"खाट देते," सिस्टर म्हणाल्या. "पन अट हाय. व्यायामाच्या टायमाला हे आजोबा रोज पायजेत. ह्यांच्या चालीनं त्या चालतात. आनि ही हुडुगी," ही पोरगी, म्हणजे मी, "ही व्यायामाला आत नको."

मी? मी शोधलं, मी वास घेतला, मी घंटा दाबली, शनिवार शनिवार म्हणून मी जीव टाकला, आणि मी आत नको?

"तू पळवतेस," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना चालायचंय."

मी आत्याकडं बघितलं. म्हटलं ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर अण्णांनी सवयीनं तोंड उघडलं, "बरं, घरी जाऊन..." आणि आत्या एकदम म्हणाली, "घरी कुनीबी जायचं न्हाई. मी येनार. आनि ती म्हनती ते खरं हाय गं बाळ. तू बाजूला आलीस की माझा पाय घाबरतोय."

आता तुम्हीच... जाऊ दे. नका सांगू.

तर हल्ली माझा दिनक्रम असा आहे. फौंड्रीत सकाळची पाळी मागून घेतलीय. दुपारी सुटले की काकतीच्या पुढं गावात जाऊन अण्णांना उचलायचं, ते टोपी सारखी करेपर्यंत थांबायचं, सिस्टरांच्या दारात सोडायचं आणि व्यायाम संपेपर्यंत बाहेर गाडीत बसायचं. व्हरांडा दिसतो तिथून. दोघं जातात, थांबतात, भांडतात, जातात. म्हशीचा विषय संपला, आता विहिरीवर आलेत. टाचा स्वच्छ आहेत, पाठ स्वच्छ आहे, ते मी व्यायामाआधी जाऊन रोज बघून घेते, तेवढी परवानगी आहे मला.

काल तर काय झालं, दोघं पार टोकापर्यंत गेले. आणि आत्यानं वॉकरचा एक हात सोडला, अण्णांच्या नाकासमोर बोट नाचवायला. एका हातावर उभी होती हो ती. खाटेला खिळेल म्हणाले होते ती बाई, एका हातावर उभी राहून भांडत होती. मला राहवलं नाही. मी हॉर्न वाजवला. आनंदानं वाजवला, खरंच, जरा लांबच वाजवला.

सिस्टर तरातरा बाहेर आल्या. मला वाटलं, आज बोलावतायत आत. मी काच खाली केली, केस सारखे केले.

म्हणाल्या, "गाडी लांब लाव. त्यांना अजून वळून परत यायचंय."

लावली. हायवेच्या कडेला, पिंपळाखाली. तिथून व्हरांडा दिसत नाही. अण्णांचा आवाज मात्र बरोबर येतो.